मेहंदी उतरते, मग गोंदण का उतरत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “त्वचा दर २८ दिवसांनी नवी होते असं सगळीकडे वाचते. मग आजीच्या हातावरचं गोंदण ६० वर्षं झाली तरी जागच्या जागी कसं? चौथीत सायकलवरून पडले, त्याची गुडघ्यावरची खूण अजून का आहे? आणि मुख्य म्हणजे, आईच्या हातावर पुऱ्या तळताना तेल उडालं त्याला दीड वर्ष झालं. जखम भरली, डाग राहिला. तीन ट्यूबा संपल्या. चौथी आणू का?”

नका आणू. निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, २२ वर्षं ओपीडी करते. तुम्हाला वाटत असेल की आपण तीन वेगवेगळे प्रश्न विचारलेत, पण आजीचं गोंदण आणि तुमचा गुडघा समजला की आईचा डागही समजतो. पेशंट खुर्चीत बसल्या बसल्या विचारतात, “मॅडम, यावर कुठलं क्रीम?” तेव्हा माझ्या डोक्यात दुसराच प्रश्न चालू असतो: हे आहे किती खोल? ते कळलं की क्रीमचा प्रश्न बहुतेक वेळा सुटतो, कधीकधी तर क्रीम नकोच असं ठरून सुटतो.

एक गोष्ट आधीच कबूल करते. डाग डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि त्यावरून बोट फिरवल्याशिवाय मी ठाम काही सांगणार नाही. भाजलेलं किती दिवसांत भरलं, आईंचा मूळ रंग काय, हात उन्हात किती असतो, मधुमेह आहे का, जखमेत पू झाला होता का, या सगळ्यावर उत्तर बदलतं. त्यामुळे मी विचार कसा करते तेवढं सांगते. त्यावरून तुम्हाला घरी बराचसा अंदाज येईल.

आधी त्या २८ दिवसांचा हिशेब. त्यात दोन घोळ आहेत. पहिला आकड्याचाच. तळाशी जन्मलेली पेशी वरच्या मृत थरापर्यंत पोचायला साधारण १४ दिवस आणि तिथून गळून पडायला आणखी १४, असं जुनं गणित. नंतरच्या मोजमापांत हा काळ ४० ते ५६ दिवसांच्या आसपास निघाला आहे. वय वाढेल तसा तो आणखी लांबतो. सोरायसिसमध्ये उलटं होतं, हाच प्रवास काही दिवसांत उरकतो. पेशी कच्च्याच वर येतात आणि म्हणून तिथे पांढरे पापुद्रे साचतात.

दुसरा घोळ मोठा आहे. नवी होते ती सगळी त्वचा नव्हे, फक्त वरचा पातळ थर. त्याला बाह्यत्वचा म्हणतात, आम्ही दिवसभर एपिडर्मिस म्हणतो. पापणीवर तो जेमतेम ०.०५ मिलिमीटर असतो, तळपायावर दीड मिलिमीटरपर्यंत. त्याच्या खाली अंतस्त्वचा, म्हणजे डर्मिस, कितीतरी जाड. आणि त्याखाली चरबीचा थर. जाहिरातीत “नवी त्वचा” म्हणतात तेव्हा ते या वरच्या पापुद्र्याबद्दल बोलत असतात.

बायोप्सीची एक काच तुमच्यासमोर ठेवते. आम्ही ४ मिलिमीटर व्यासाचा पंच घेतो, म्हणजे पेन्सिलीपेक्षा बारीक तुकडा. त्याचे पातळ काप करून जांभळा-गुलाबी रंग चढवतात आणि मायक्रोस्कोपखाली ठेवतात. सगळ्यात वर दिसतं ते विणलेल्या टोपलीसारखं गुलाबी जाळं. हा मृत थर. त्याखाली एक-दोन ओळी गडद निळे दाणे भरलेल्या पेशींच्या. त्याखाली फरशीसारख्या बहुकोनी पेशी, एकमेकींना बारीक काट्यांनी धरून बसलेल्या. आणि अगदी तळाला एकाच ओळीत उभट पेशी, पंगतीला खांद्याला खांदा लावून बसावं तशा. या पंगतीतली पेशी दुभंगते, एक जागेवर राहते, दुसरी वर ढकलली जाते. वर जाता जाता ती केराटिन नावाच्या प्रथिनाने भरत जाते, चपटी होते, केंद्रक गमावते आणि मरते. मेल्यावरच तिचं खरं काम सुरू होतं. असे १५-२० मृत थर एकावर एक, मधल्या फटींत चरबीचा लेप, विटांच्या भिंतीत चुना भरावा तसा. पाणी आत-बाहेर जाऊ न देणं आणि जंतूंना बाहेर ठेवणं हे मुख्यतः या भिंतीचं काम.

म्हणजे आरशात दिसतो तो चेहरा वरून मृतच असतो. वज्रीने टाच घासल्यावर निघतो तो हाच थर. पायाचं कुरूप ब्लेडने तासताना पेशंट डोळे मिटून घेतात आणि मग विचारतात, “झालं? दुखलंच नाही.” दुखणार कसं, तिथे ना नस ना रक्तवाहिनी. तासता तासता बारीक काळे ठिपके दिसले तर मात्र मी थांबते. ते कुरूप नसून चामखीळ असतं. खालच्या थरातून वर आलेल्या केशवाहिन्यांत गोठलेलं रक्त म्हणजे ते ठिपके. खोली कळायला कधीकधी एवढं पुरतं.

मेहंदी रंगते ती याच मृत थरात. तिच्यातलं लॉसोन नावाचं द्रव्य केराटिनला चिकटतं. तळहातावर हा थर जाड, म्हणून मेहंदी तिथे गडद येते. दंडावर तीच मेहंदी फिकी पडते, मग कितीही लिंबू-साखर लावा. थर झिजला की रंग गेला. हळदीचंही तेच.

या थराची झीज रोजच्या व्यवहारात कशी नडते बघा. दरवर्षी माझ्याकडे चार-दोन माणसं “रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही” म्हणून येतात. सिमेंटमध्ये हात घालणारे गवंडी, चार घरची भांडी करणाऱ्या बायका. बोटांवरच्या रेषा पार सपाट. मी त्यांना सांगते, दोन-तीन आठवडे हातमोजे घाला, रात्री व्हॅसलीन लावा, मग जा. बहुतेकांचा अंगठा उमटतो. कारण ठशाचा साचा वर नसतोच. बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचा जिथे एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्या लाटांमध्ये तो आईच्या पोटात असतानाच घडलेला असतो. वरचं झिजतं आणि साच्यावर पुन्हा तेच उगवतं. म्हाताऱ्या माणसांत मात्र या लाटाच सपाट होत जातात, त्यामुळे त्यांचा अंगठा विश्रांतीनंतरही कधीकधी दगा देतो. सलाईनची चिकटपट्टी काढताना आजी-आजोबांच्या हाताची कातडी पट्टीबरोबर निघून येते, त्याचंही हे एक मोठं कारण: दोन थरांची पकड सैल झालेली असते.

आता रंगाकडे येऊ, कारण आईंच्या डागाची अर्धी गोष्ट इथे आहे. त्या तळाच्या पंगतीत अधूनमधून एक वेगळी पेशी बसलेली असते, मेलानोसाइट. ती रंग बनवते, मेलॅनिन. तिला आठ-दहा लांब हात असल्यासारखे फाटे असतात आणि साधारण ३६ पेशींना ती एकटी रंग पुरवते. गोऱ्या आणि सावळ्या माणसात या रंगारी पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो रंगाच्या पुड्या किती मोठ्या, किती भरलेल्या आणि कशा वाटल्या यात. प्रत्येक पेशी मिळालेली पुडी आपल्या केंद्रकावर छत्रीसारखी धरते, उन्हापासून आतला डीएनए वाचावा म्हणून. म्हणूनच “रंग घालवा” असं कुणी म्हणालं की मला जरा त्रासच होतो, पण तो विषय वेगळा.

भाजणं, खाजवणं, मुरूम फोडणं, कशानेही दाह झाला की ही रंगारी पेशी बिथरते आणि जास्त रंग बनवते. आता तुम्ही म्हणाल, बाह्यत्वचा दीड-दोन महिन्यांत गळते ना, मग जादा रंगही गळून जायला हवा. जातोही. पण रंग जातो, रंगारी तळाशीच बसलेला असतो. त्याला ऊन, घर्षण किंवा नवा दाह मिळत राहिला तर तो थांबत नाही. गळणाऱ्या प्रत्येक थरामागे तो पुढचा थर रंगवून तयार ठेवतो. म्हणून वरवरचा डागसुद्धा आठवड्यांत जात नाही, महिने घेतो.

जाता जाता आणखी एका पेशीबद्दल सांगते, कारण लग्नसराईत तिचे पेशंट हमखास येतात. १८६८ मध्ये बर्लिनमध्ये वैद्यक शिकणाऱ्या, विशीतल्या पॉल लँगरहान्सला त्वचेत फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या. त्याला त्या मज्जासंस्थेच्या वाटल्या. निघाल्या त्या पहारेकरी. बाहेरून काही घुसलं की त्याचा तुकडा उचलायचा, जवळच्या लसिका ग्रंथीत जायचं आणि तिथल्या पेशींना ओळख पटवून द्यायची. “काळी मेहंदी” म्हणून विकतात तिच्यात हेअर डायमधलं पीपीडी नावाचं रसायन असतं. ते लावलं की हे पहारेकरी कामाला लागतात. पहिल्या वेळी काहीच होत नाही. पुढच्या वेळी दोन-तीन दिवसांत नक्षी जशीच्या तशी फोडांनी उठते. नवरीच्या हातावर मोर उठलेला मी पाहिला आहे, अगदी पिसांसकट. साधी मेहंदी लावा एवढंच सांगते.

आजींच्या गोंदणाकडे वळते. गोंदणारणीची सुई बाह्यत्वचा पार करून अंतस्त्वचेत शिरते. आजींच्या काळात रंग म्हणजे बहुधा दिव्याची काजळी, शुद्ध कार्बन. अंतस्त्वचेत पेशी तुरळक असतात. बाकी सगळा कोलॅजेनच्या दोरांचा गुंता, त्यात रक्तवाहिन्या, नसा, केसांची मुळं आणि घामाच्या नळ्या. दोर विणणाऱ्या पेशींना फायब्रोब्लास्ट म्हणतात. हे कोलॅजेन किती सावकाश बदलतं याचा एक आकडा माझ्या कायम लक्षात राहतो: त्वचेतलं निम्मं कोलॅजेन बदलायला साधारण १५ वर्षं लागतात. वर दीड-दोन महिने आणि एक-दोन मिलिमीटर खाली १५ वर्षं. एकाच हातात ही दोन घड्याळं चालतात.

पण गोंदण टिकण्याचं कारण एवढंच नाही. सुई शिरली की मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या पेशी धावतात. त्या काजळीचे कण गिळतात आणि त्यांना ते पचत नाहीत. मग त्या तशाच, पोटात काजळी घेऊन बसून राहतात. पूर्वी वाटायचं की याच पेशी जन्मभर जगतात. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात वेगळं दिसलं. गिळणारी पेशी मरते, काजळी खाली सांडते आणि शेजारी आलेली नवी पेशी ती पुन्हा उचलते. म्हणजे मालक बदलतात, माल जागेवरच राहतो. थोडे कण निसटून काखेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत जातात आणि काही आजूबाजूला सरकतात. जुन्या गोंदणाच्या कडा पुसट होतात त्या यामुळे.

आजींचा हात हातात घेऊन गोंदणाचा रंग नीट बघा. काजळी काळी होती, गोंदण निळसर-हिरवट दिसतं ना? हीच खूण महत्त्वाची आहे. काळा किंवा तपकिरी रंग खोल गेला की वरून निळा-राखाडी दिसतो, कारण त्याच्यावरच्या थरातून निळा प्रकाश जास्त विखुरला जाऊन परत येतो. बाळाच्या माकडहाडावर निळा चट्टा असतो आणि नव्या आया घाबरून विचारतात, “कुणी मारलं तर नाही?” तोही मेलॅनिनच असतो, फक्त खोल बसलेला, आणि बहुतेक बाळांमध्ये काही वर्षांत आपोआप विरतो. तपकिरी म्हणजे वर, राखाडी-निळा म्हणजे खाली. पक्का नियम नव्हे, पण आईंच्या हातासाठी हे लक्षात ठेवा.

तुमच्या गुडघ्याची गोष्ट सोपी आहे. खडीने अंतस्त्वचा फाटली. शरीराने घाईघाईत कोलॅजेन ओतून भोक बुजवलं. मूळ कोलॅजेन टोपलीसारखं उभं-आडवं विणलेलं असतं. या ठिगळाचे दोर एकाच दिशेने ताणून बसवलेले. वर्ष-दीड वर्ष त्याची डागडुजी चालते, तरी ताकद मूळच्या सुमारे ८० टक्क्यांवर जाऊन थांबते. त्यावरची बाह्यत्वचा दर दीड-दोन महिन्यांनी इमानेइतबारे नवी होते, पण ती ठिगळावरच उगवते. संध्याकाळी मोबाईलचा टॉर्च तिरका धरून खूण बघा. आजूबाजूच्या त्वचेवर बारीक चौकटी-चौकटींचं जाळं दिसेल, खुणेवर ते नसेल. केसही नसेल आणि उन्हाळ्यात तेवढा भाग घामेजणारही नाही.

आता आई. भाजण्यात नेमका प्रश्न असतो उष्णता किती खोल उतरली हा. आणि इथे केसांच्या मुळांचं महत्त्व कळतं. केसाची नळी आणि घामाची नळी अंतस्त्वचेत खोल जाते, पण तिला आतून अस्तर असतं बाह्यत्वचेच्याच पेशींचं. वरची सगळी बाह्यत्वचा जळाली तरी या नळ्यांच्या तळाशी बियाणं शिल्लक असतं. तिथून पेशी वर चढतात, पसरतात आणि जखम बुजते. हे बियाणं वाचलं असेल तर जखम साधारण दोन ते तीन आठवड्यांत भरते आणि व्रण बहुधा राहत नाही, रंगाचा फरक राहतो. नळ्याही जळाल्या तर जखम फक्त कडेने आत सरकत भरते, महिना-महिना लागतो आणि मागे व्रण उरतो. खूप खोल भाजलेलं दुखतही नाही, नसाच जळालेल्या असतात. “दुखत नाही म्हणजे किरकोळ आहे” असं समजून उशिरा येणारे पेशंट म्हणून जास्त काळजीत टाकतात.

गेल्या पावसाळ्यात वडापावच्या गाडीवर काम करणाऱ्या एक ताई खाज येते म्हणून आल्या होत्या. त्यांनी बाही वर केली आणि मी खाज विसरून हातच बघत बसले. मनगट ते कोपर तेलाचे डाग, वेगवेगळ्या वर्षांचे. सात-आठ तपकिरी, सपाट, ज्यांच्यावर केस शाबूत होते. दोन राखाडी. मनगटाजवळ एक रुपयाएवढा पांढरा, चकचकीत, बिनकेसाचा. विचारलं तर तपकिरी सगळे “आठ-दहा दिवसांत बरे झाले” आणि पांढरा “दिवाळीला भाजला, संक्रांत आली तरी ओलाच होता.” आणखी एका फिकट डागात केसाच्या मुळाभोवती तपकिरी ठिपके उमटलेले होते, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. केसाच्या नळीत रंगारी पेशींचाही साठा असतो, तो तिथून पुन्हा बाहेर येत होता. कोडावर उपचार सुरू झाले की रंग याच वाटेने परततो. ओठांवर आणि बोटांच्या टोकांवर केस नसतात, म्हणून तिथलं कोड हट्टी. तेल तेच, हातही तोच, पण चार खोलींचे चार निकाल. खाज, बाय द वे, भांड्यांच्या पावडरची निघाली.

तर आईंना खिडकीपाशी बसवा आणि बघा. जखम किती दिवसांत सुकली होती ते आठवायला सांगा. डाग तपकिरी आहे की राखाडी? बोट फिरवलं तर आजूबाजूला मिळूनमिसळून आहे की कडक, उंच किंवा खोलगट? बारीक रेषांचं जाळं डागावरून अखंड जातंय का? केस आहेत का? (मनगटाच्या आतल्या बाजूला मुळातच केस कमी असतात, तेव्हा दुसऱ्या हाताशी ताडून बघा.) दवाखान्यात मी वूड्स लॅम्प लावते. हा जांभळा दिवा वरचा रंग उठून दाखवतो, खोल रंग दाखवत नाही. पण आपल्या सावळ्या त्वचेवर तो अनेकदा गोंधळात टाकतो. माझा भरवसा खिडकीवर आणि बोटावर जास्त.

तपकिरी, सपाट, रेषा शाबूत असतील तर रंग बहुतांशी वर आहे आणि आशा चांगली आहे. मग दीड वर्ष का टिकला? माझा अंदाज, ऊन आणि ट्यूब बदलणं या दोन गोष्टींमुळे. हाताला ऊन सतत लागतं, आणि हाताला सनस्क्रीन लावून काय उपयोग, दिवसात वीस वेळा धुतला जातो. पूर्ण बाहीचा सुती ब्लाउज किंवा बाहेर जाताना हातमोजा जास्त कामाचा. बांगड्या डागावर घासत असतील तर त्या थोड्या वर सरकवा. आणि कुठलंही योग्य क्रीम आठ ते बारा आठवडे लावल्याशिवाय त्याला नापास करू नका. बाह्यत्वचेची एक फेरी तरी पूर्ण व्हायला हवी ना. “पंधरा दिवसांत फरक नाही, म्हणून बदललं” हे वाक्य मी रोज ऐकते.

ट्यूबवरचं बारीक अक्षर मात्र आजच वाचा. स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन अशा तीन औषधांचं मिश्रण मेडिकलवाल्याने सहज दिलेलं असू शकतं. ते वाईट औषध नाही, मी स्वतः लिहून देते, पण काही आठवड्यांसाठी आणि मध्ये बोलावून बघून. स्टेरॉइड फायब्रोब्लास्टना गप्प बसवतं. महिनोन् महिने लावलं तर अंतस्त्वचा विरविरीत होते, लाल केशवाहिन्या वरून दिसू लागतात. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावलं तर काहींच्या अंतस्त्वचेत निळसर-काळा रंग साचतो, म्हणजे घालवायला गेलो वरचा आणि बसवला खालचा. तो काढणं फार अवघड. असं मिश्रण निघालं तर नावं लिहून ठेवा आणि डॉक्टरला दाखवा. चेहऱ्यावर रोज लावत असाल तर स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका, चेहरा भडकतो.

राखाडी असेल तर रंगाचे कण अंतस्त्वचेत सांडले आहेत आणि आजींच्या काजळीसारखे मॅक्रोफेजनी गिळले आहेत. क्रीमचा तिथे फारसा जोर चालत नाही. मृत थराची भिंत साधारणपणे ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) मोठे रेणू आत सोडत नाही. हायड्रोक्विनोन ११० डाल्टनचं, ते जातं. “कोलॅजेन क्रीम”मधलं कोलॅजेन सुमारे ३ लाख डाल्टनचं असतं. सुईच्या नेढ्यातून हत्ती काढण्यासारखं आहे ते, चौथी ट्यूब तसली असेल तर पैसे वाचवा. राखाडी डाग वर्षांच्या हिशेबाने फिका होतो. लेसर असतं, पण सावळ्या त्वचेत लेसरच्या दाहानेच नवा डाग पडू शकतो. आधी कोपऱ्यात छोटा ठिपका मारून दोन महिने थांबणारा डॉक्टर शोधा.

आणि कडक, चकचकीत, बिनरेषांचा असेल तर तो डाग नसून व्रण आहे. त्याला रंगाची ट्यूब लावणं म्हणजे ठिगळाला रंग देणं. सिलिकॉन जेल आणि मालिश यांचा फायदा मुख्यतः पहिल्या वर्ष-दीड वर्षात होतो, आईंच्या बाबतीत ती वेळ सरत आली आहे, तेव्हा लवकर दाखवा. व्रण मूळ जखमेच्या हद्दीबाहेर वाढत असेल, खाजत असेल, तर तो केलॉइड. त्यात आम्ही स्टेरॉइडचं इंजेक्शन देतो. तीच पातळ करण्याची खोड इथे मुद्दाम वापरायची. भाजल्याच्या जुन्या व्रणावर न भरणारी जखम उघडत असेल तर वेळ न घालवता दाखवायचं. तुमच्या वर्णनात तसं काही नाही.

आजींचं गोंदण लेसरने निघू शकतं, काजळीचा काळा रंग लेसरला उलट चांगली दाद देतो. अतिसूक्ष्म काळाच्या झोताने कण फुटतात, मग मॅक्रोफेजना ते वाहून नेता येतात. कित्येक बैठका लागतात, मध्ये काही आठवड्यांचं अंतर ठेवून. माझ्याकडे एक नात आजीला घेऊन आली होती याच कामासाठी. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “यात हिच्या आजोबांचं नाव आहे, ते काढून तिथं काय लिहिणार?” बैठक तिथेच संपली.

आईंना दाखवायला न्याल तेव्हा संपलेल्या तिन्ही ट्यूबा पिशवीत घ्या, रिकाम्या असल्या तरी. त्या दिवशी हाताला काहीही लावू नका, मेहंदी तर नकोच. आणि जुना फोटो असेल तर तो काढून ठेवा, लग्नकार्यातला चालेल, हात दिसतो ना तेवढं बघा.